बागेतली पत्रं : पाऊस यायच्या आत काय लावू?

मे महिना लागला की या सदराच्या मेलबॉक्सचं आंब्याच्या पेटीसारखं होतं, वरचे बघेपर्यंत खालचे पिकून जातात. निम्म्या पत्रांत एकच ओळ, "ताई, पावसाळ्यात काय लावू?" आणि जागा कुठली, ऊन किती, घरात कोण काय खातं यातलं काहीच नाही. म्हणजे डॉक्टरांना फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यातला प्रकार. तर ज्यांनी नीट लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतलीत, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचं उत्तर पण यातच कुठंतरी सापडेल.

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्यात सहाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी पूर्वेला, ग्रिल आहे, दहा कुंड्या बसतील. मागच्या वर्षी नर्सरीतून टोमॅटो, ढोबळी मिरची आणि हौसेनं स्ट्रॉबेरी आणली, ऑगस्टपर्यंत सगळं गेलं. या जूनमध्ये परत ट्राय करायचंय. (सहाव्या मजल्यावरची, ठाणे)

उत्तर : स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला होते, घोडबंदर रोडला जूनमध्ये होत नाही, त्यात तुमची काही चूक नाही, विकणाऱ्याची आहे. टोमॅटोचं पण तेच. फळभाजीला सहा तास तरी सरळ ऊन लागतं, पूर्वेच्या बाल्कनीत दहा-अकरापर्यंत मिळून तीन-चार तास पडतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग असले की तेवढंही नाही. त्यात हवा दमट, पानं दिवसदिवस वाळत नाहीत, मग करपा येतो आणि झाड खालून वर वाळत जातं.

आधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. येत्या रविवारी सकाळी सातपासून दर तासाला बाल्कनीत जाऊन ऊन कुठं पडलंय तिथं खडूनं खूण करा आणि वेळ लिहा. समोरच्या टॉवरची सावली किती वाजता येते तेही कळेल. एवढं केलं की काय लावायचं हे मला विचारायची पण गरज राहणार नाही. जास्त ऊन पडणाऱ्या कोपऱ्यात एक, फार तर दोन मिरच्या. बाकी सगळी पानं. अळू, लाल माठ, पुदिना, गवती चहा आणि आलं-हळद. या सगळ्यांना अर्ध्या सावलीत काही प्रॉब्लेम नसतो.

आल्यासाठी रोपं विकत आणू नका, बाजारात डोळे फुटलेला तुकडा दिसला की तो उचला, दोन बोटं लांब, एक-दोन डोळे असलेला, बारा इंची पसरट कुंडीत दोन इंच खोल. आलं-हळद लावायचा आपल्याकडचा मान अक्षय्य तृतीयेचा, पण जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. काढायला पुढचा जानेवारी-फेब्रुवारी उजाडेल, पण हळदीची पानं त्याच्या कितीतरी आधी मिळतात, नागपंचमीला पातोळ्या करता येतील आणि बाजारात पाच पानांच्या जुडीला काय सांगतात ते तुम्हाला माहितीच आहे.

आणि दहा नको, सहा कुंड्या लावा. मी पहिल्या वर्षी चाळीस लावल्या होत्या, अगदी उत्साहानं प्रत्येकीखाली एकेक डिश ठेवून, फरशीला डाग नको म्हणून. जुलैत आठ दिवस झड लागली, डिशांमध्ये पाणी साचलं, मुळं कुजली आणि वर डासांच्या अळ्या झाल्या त्या वेगळ्याच. पाणी साचलेली कुंडीखालची डिश म्हणजे डेंग्यूच्या डासाचं माहेरघर, महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येऊन पहिलं तेच बघतात. डिशा काढा, कुंडीखाली विटेचे दोन तुकडे ठेवा, भोकं मोकळी राहतील असं बघा. माठ-पालकाला खोल कुंडी लागत नाही, सहा इंच खोलीचा पसरट टब किंवा फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका खालून भोकं पाडून मस्त चालतो. ग्रिलच्या बाहेर काहीही टांगू नका, खाली माणसं चालतात.

प्रश्न : आमचं चिपळूणजवळ घर आहे, मागे तीनेक गुंठे परसू. सासूबाई म्हणतात बाजारातून आणून केलेली ऋषीची भाजी ती नुसती नावाला. यंदा सगळं परसातलंच हवं असा त्यांचा हट्ट आहे आणि तो पुरा करायची जबाबदारी माझ्यावर. काय कधी लावू? (चिपळूणची सून)

उत्तर : वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, बरोबर बोलतायत त्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, स्वतःच्या हातानं खणून पेरून आलेलं खायचं, म्हणजे हा सण मुळात परसबागेचाच. आणि आमच्यासारख्या प्लॅनिंगवाल्यांना तर सोन्यासारखा, कारण तारीख ठरलेली असते, तिथून उलटं मोजत यायचं.

गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, अधिक महिना पडला की सप्टेंबरच्या मध्यावर जातात. कॅलेंडर काढा, ऋषिपंचमीवर गोल करा आणि मागे मोजा. लाल भोपळ्याला शंभर दिवस धरा, म्हणजे हा सगळ्यात आधी, मृगाच्या आसपास. पंचमी ऑगस्टमध्ये असेल तर त्याहून आधी, आत्ताच मेमध्ये, बादलीभर पाणी घालून. पडवळाला सत्तर दिवस. मक्याला कोवळी कणसं हवी असतील तर सत्तर-पंचाहत्तर. दोडका (तुमच्याकडे शिराळं म्हणत असाल) पन्नास ते साठ, भेंडी पन्नास, चवळीच्या शेंगा पंचावन्न-साठ. लाल माठ फक्त महिनाभर आधी, पण देठं हवी असतील तर दीड महिना, जाड देठाशिवाय ऋषीच्या भाजीला मजा नाही. अळवाचे कंद आत्ताच लावून टाका, पाऊस पडला की ते आपोआप सुटतं.

हे झालं पुस्तकी गणित. तुमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत पेरलेलं बी नुसतं वाहून जातं, त्यामुळे गणित काहीही सांगो, मेमध्येच लावलेला भोपळा सोडून बाकी वेलांची रोपं जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीत, वळचणीच्या आत, नारळाच्या करवंटीत नाहीतर पिशवीत तयार करा आणि तीन-चार पानांवर आली की आळ्यात लावा. आळं म्हणजे खड्डा नाही हं, कोकणात पावसाळी आळं हे उंचवटा करूनच, आजूबाजूनं चर. एका आळ्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. मांडव आत्ताच घालून घ्या, पावसात बांबू रोवत बसायची वेळ आणू नका.

मका एका ओळीत लावू नका, चौकोनात लावा, तीन बाय चार अशी बारा झाडं तरी. मक्याचं परागीभवन वाऱ्यानं होतं, वरच्या तुऱ्यातला पराग शेजारच्या कणसाच्या केसांवर पडायला लागतो, एका ओळीत लावला की कणसं बोळक्यासारखी, दाणे कमी नि मध्ये मध्ये रिकामी. भेंडीचं बी घेताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका मागा, पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या हळद्या रोगाला या दोन्ही जाती बऱ्यापैकी टिकतात. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि एकदा झाला की औषध नाही, झाड उपटायचं.

सुरणाचं मात्र सासूबाईंना सांगून टाका, तो सात-आठ महिने घेतो, आत्ता लावलेला दिवाळीनंतर निघेल. यंदा शेजारणीकडून मागून आणा, शेजारणीनं खणून काढला म्हणजे तोही हातच्याच कष्टाचा, मी तर असंच समजते.

प्रश्न : धने पेरून तीन आठवडे झाले, एकही उगवला नाही. किराणावाला म्हणतो धने चांगले आहेत. (कोथिंबिरीविना, इचलकरंजी)

उत्तर : धने आमटीसाठी चांगले असतील. एका धन्यात दोन बिया असतात, अख्खा पेरला तर वेळ लावतो, म्हणून चपलेनं नाहीतर लाटण्यानं हलकेच रगडून दोन भाग करायचे, भुगा नाही करायचा, मग रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात निथळून पेरायचे. आठ ते पंधरा दिवसांत यायला हवेत. नाही आले तर धने जुने आहेत. दुसरं म्हणजे मेच्या उन्हात कोथिंबीर रुसतेच, उगवली तरी हातभर व्हायच्या आत फुलावर जाते. पावसाळ्यात छपराखाली पेरा, मुसळधार सर डोक्यावर पडली की ती आडवी होते नि कुजते. खरी कोथिंबीर नवरात्रानंतरची, तेव्हा दर पंधरा दिवसांनी एक टब पेरत राहायचं म्हणजे खंड पडत नाही.

प्रश्न : पुण्यात आमचा जुना बंगला आहे, १९८० च्या आसपास बांधलेला. मला गच्चीवर विटांचे वाफे करून भाजी लावायचीय, मिस्टर म्हणतात स्लॅब खाली येईल. कोण बरोबर? (गच्चीवाली, पुणे)

उत्तर : यावेळी मिस्टर. (दरवेळी नसतात हे मान्य.) हिशोब बघा. माणसांच्या वावरासाठी असलेल्या सपाट गच्चीवर भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो एवढा भार धरतात. एक मीटर बाय एक मीटरच्या वाफ्यात फूटभर माती भरली आणि ती पावसानं भिजली की पाचशे किलोच्या आसपास जाते. तिप्पट झालं की हो. आणि जुन्या बंगल्याच्या गच्चीवर वर विटांचा कोबा असतो, त्याचं वजन आधीच तिथं आहे.

पण याचा अर्थ गच्चीवर भाजी होत नाही असा नाही, गच्चीवर माती नेऊ नका एवढाच. बारा इंची कुंडीत हलकं मिश्रण भरलं तर भिजून पंधरा-अठरा किलो भरते, चौरस मीटरला चार ठेवल्या तरी पंच्याहत्तरच्या आत. त्या पण गच्चीच्या मधोमध नाही, खाली जिथं भिंती आणि बीम आहेत त्या रेषेवर, आणि कठड्यावर तर अजिबात नाही. लोखंडी स्टँडवर ठेवा म्हणजे खालून हवा जाते, कोबा कोरडा राहतो, गळती लागली तर दिसते. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या, एका व्हिजिटची फी छतापेक्षा स्वस्तच पडते.

कुंडीत काय भरायचं? खाली एक तृतीयांश वाळलेली पानं आणि रसवंतीवरची चिपाडं, फुकट मिळतात, दुकानदार उलट खुश होतो. मग माती एक भाग, कुजलेलं कंपोस्ट एक भाग. पानं हळूहळू बसतात, दोन महिन्यांनी वरून भर घालायची. ती लवकर कुजावीत म्हणून अमृतजल घालतात, आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातल्या लोकांनी ते रुळवलं : दहा लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी एकाला दहा पट पाणी घालून द्यायचं. शेण कुठून आणू असं तुम्ही विचारणारच, पुण्यात अजून गोठे आहेत, दुधवाल्याला विचारा. तीन दिवस मिस्टरांच्या नाकाला काय वाटेल त्याची जबाबदारी माझी नाही.

प्रश्न : चौथ्या मजल्याच्या गच्चीवर कुंडीतल्या दुधीच्या वेलाला ढिगानं फुलं येतात पण सगळी गळतात. एक-दोन बारीक दुधी धरले तेही पिवळे पडून गळाले. युट्यूबवर थ्रीजी कटिंग सांगतात, करू का? (दुधीच्या नादी लागलेला, कोल्हापूर)

उत्तर : दादा, ती पहिली फुलं सगळी नर. वेल आधी पंधरा-वीस दिवस नरफुलंच देतो, ती गळायचीच. मादीफूल ओळखायला सोपं, फुलाच्या मागे देठाला इवलासा दुधी असतो. तो पिवळा पडून गळाला म्हणजे परागीभवन झालं नाही, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर येणार कोण?

मग ते काम तुम्हीच करायचं. लोक सकाळी उठून करतात आणि म्हणतात होत नाही! दुधीचं फूल पांढरं असतं ना, ते संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याचं पण संध्याकाळचंच. कारली, काकडी, घोसाळी, भोपळा यांची सकाळची शिफ्ट. तर दुधीला दिवेलागणीला वर जायचं, ताजं नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्ये हलकेच फिरवायचा. एक नरफूल दोन-तीन माद्यांना पुरतं. तीन-चार दिवसांत बारका दुधी मान खाली घालायला लागला आणि लव चमकायला लागली की समजा धरला.

थ्रीजी म्हणजे शेंडा खुडून फांदी, तिचा शेंडा खुडून तिसऱ्या पिढीची फांदी काढायची, यात काही नवं नाही, आपले शेतकरी शेंडा खुडतातच. बाजूच्या फांद्यांना मादीफुलं जास्त येतात म्हणून वेल मांडवाला पोचला की मुख्य शेंडा खुडायचा. एवढं करा, पुढचं थर्ड जनरेशन वगैरे कुंडीतल्या वेलाला झेपत नाही, सगळी ताकद पानं काढण्यात जाते. कुंडी कितीची आहे ते लिहिलं नाहीत, वीस-पंचवीस लिटरच्या खाली असेल तर दुधीचा नाद सोडा, काकडी लावा. धरलेल्या फळावर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब दिसला की फळमाशी. फळ सुपारीएवढं झालं की कागदाची पिशवी बांधायची, आणि क्यू ल्युरचा (वेलांवरच्या फळमाशीला वासानं ओढणारा) सापळा एक टांगायचा. आंब्याचा सापळा वेगळा असतो, तो आणू नका.

प्रश्न : दोन वर्षांची जुनी कुंड्यांतली माती फेकू का? त्यात हुमणी पण निघाली. (नाशिक)

उत्तर : फेकू नका, तीच तर तयार झालेली माती. मे महिना हीच तिची वेळ. कुंड्या उलट्या करा, मुळं नि हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचा (कोंबड्या असतील शेजारी तर त्यांची मेजवानी), माती थोडी ओलसर करून भर उन्हात, पण गच्चीवर नाही, जमिनीवर चार-सहा इंच थरात पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून कडेनं विटा. चार आठवडे तरी तशीच तापू द्या. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच, ऊन आत जाऊन अडकायला पाहिजे. नंतर दर दोन घमेली मातीला एक घमेलं गांडूळखत, ओंजळभर निंबोळी पेंड आणि जमलं तर दोन चमचे ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी चांगली बुरशी), पण ट्रायकोडर्मा माती गार झाल्यावर, तापत असताना घातला तर तोही मरेल. गेल्या वर्षी वांगी होती त्या मातीत यंदा मिरची-टोमॅटो-वांगी नको, एकच खानदान आहे ते. चवळी किंवा गवार लावा.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, अंधेरीत दोन मित्रांबरोबर राहतो, पास्ता बनवतो, त्यामुळे रोझमेरी, थाइम, बेसिल, ओरेगॅनो हवंय. ऑनलाइन रोपं मागवली, दोन पावसाळे सगळी मेली. विंडो ग्रिल, पश्चिम दिशा. (भुकेला)

उत्तर : अरे, रोझमेरी-थाइम ही भूमध्य समुद्राकडची, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत, तू त्यांना जुलैत अंधेरीच्या खिडकीत उभं करतोस. बिचारी पाय ओले होऊन मरणारच. हवीच असतील तर ऑक्टोबर अखेरीला आण, रेताड मातीत, मातीच्याच कुंडीत लाव, मार्चपर्यंत खा आणि पुढं मेली तर वाईट वाटून घेऊ नकोस.

पावसाळ्यात बेसिल जगेल, आपल्या तुळशीचीच बहीण आहे, फक्त शेंडे खुडत राहा, तुरा धरू देऊ नकोस. आणि ओरेगॅनोच्या जागी पानओवा लाव. जाड, लव असलेली पानं, फांदी तोडून खोचली की लागते, मरत नाही, वास ओरेगॅनोच्या इतका जवळ आहे की पिझ्झावर बारीक चिरून टाकलास तर मित्रांना कळणार नाही. भजी पण होतात त्याची, पावसात ते जास्त महत्त्वाचं. गवती चहाचा एक ठोंब कुणाकडून तरी माग, पुदिना भाजीवालीच्या जुडीतलाच जाड देठ पाण्यात ठेवून मुळं फुटली की लाव, पण वेगळ्या कुंडीत, तो पसरून बाकीच्यांना जागा ठेवत नाही. एकूण खर्च शंभर रुपयांच्या आत. पश्चिमेचं दुपारचं ऊन सप्टेंबरनंतर तापेल तेव्हा पुदिना आत घे.

प्रश्न : मिरचीला दरवर्षी बोकड्या (पानं मुरडून आकसायचा रोग) येतो. यंदा आधीपासून काय करू? (नागपूर)

उत्तर : आधी पान उलटं करून बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालंय तर फुलकिडे, कडा खाली वळल्यात आणि पान लांबट झालंय तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड), आणि शेंड्याची पानं बारकी चुरगळून गुच्छ झालाय, झाड खुंटलंय तर पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस. पहिल्या दोघांवर उपाय चालतो, तिसऱ्यावर नाही, ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यायचं, जीव लावून ठेवलंत तर शेजारची पण जातील.

नागपूरच्या मेमध्ये रोप करायच्या भानगडीत पडू नका. जूनच्या मध्याला पाऊस आला की ट्रेमध्ये बी टाका, ट्रेवर मच्छरदाणीचं कापड, कारण रोग बहुतेक वेळा रोप लहान असतानाच बसतो. पाच-सहा आठवड्यांनी लावा. लावल्यापासून दर आठ दिवसांनी संध्याकाळी निंबोळी अर्क, पानांच्या खालून. आत्ता झाडाखाली निंबोळ्या पडायला लागतील त्या वेचून सावलीत वाळवून ठेवा : पन्नास ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळायचं, चिमूटभर साबण. बाजारातलं निमतेल असेल तर लिटरला पाच मिली. फुलकिड्यांना निळा चिकट सापळा, पांढऱ्या माशीला पिवळा. गंधकाची फवारणी कोळ्यावर चालते पण तुमच्या उन्हात मारलीत तर पानं भाजून निघतील. आणि हायब्रीडच्या मागे लागण्यापेक्षा तुमच्याच जिल्ह्यातली भिवापुरी आणून बघा की, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली मिरची दाराशी असताना आपण कुठं कुठं फिरतो!

प्रश्न : न्यू जर्सीत राहते, छोटं बॅकयार्ड आहे. आईनं दिलेल्या वालाच्या बियांना गेल्या वर्षी खूप वेल आला, सप्टेंबरमध्ये कुठं फुलं आली आणि ऑक्टोबरच्या थंडीत गेला. यंदा काय लावू? (एडिसनहून)

उत्तर : ताई, यात तुमचंही काही चुकलं नाही आणि आईच्या बियांचंही नाही. आपले बरेचसे गावठी वाल दिवस लहान व्हायला लागले की फुलतात. आपल्याकडे तसा दिवस लहान झाला की पुढं अख्खी थंडी मोकळी, तुमच्याकडे दिवस लहान झाला की मागोमाग फ्रॉस्ट. दिवसाच्या लांबीवर न अडणारी बुटकी झुडपी जात शोधा, नाहीतर चवळी लावा.

तुमचं वेळापत्रक आपल्या पावसावर नाही, शेवटच्या फ्रॉस्टवर, म्हणजे एप्रिलअखेर ते मेचा मध्य. मिरची-वांगी त्याच्या आठ आठवडे आधी घरात. हे तुमचं यंदा झालं नसेल तर तिकडच्या नर्सरीतून रोपं घ्या, कमीपणा काही नाही. दुधी-कारली-भेंडी मेमोरियल डे (मेचा शेवटचा सोमवार) झाल्यावर बाहेर, त्याआधी माती गार असते, बी कुजतं. मेथी नि कोथिंबीर एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टअखेर परत, मधल्या उन्हाळ्यात फुलावर जातात. कढीपत्ता कायम कुंडीत, थंडीत घरात खिडकीपाशी, पाणी कमी, पानं गळली तर घाबरू नका. आणि भारतातून येताना बियांच्या पुड्या किंवा कढीपत्ता बॅगेत टाकू नका, बियांना परवानगी नि कागद लागतात आणि कढीपत्ता तर संत्र्या-लिंबाच्या रोगाच्या किडीमुळे बंदच आहे, विमानतळावर काढून घेतात. मेथ्या मात्र तिथल्या इंडियन ग्रोसरीतल्या पेरा, छान येतात.

प्रश्न : दुकानातून आणलेल्या बिया गुलाबी-निळ्या रंगाच्या आहेत. हायब्रीड म्हणून का? (बारामती)

उत्तर : रंगाचा हायब्रीडशी संबंध नाही. ते बुरशीनाशकाचं कोटिंग असतं, म्हणून तो रंग दिसला की हात धुवायचे, मुलांपासून लांब ठेवायच्या आणि उरल्या तर खायच्या नाहीत. हायब्रीड आहे का ते पाकिटावर एफ-१ लिहिलंय का बघून कळतं. घरी बी धरायचं असेल तर एफ-१ नको, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. गावठी बियांसाठी आधी आपल्याच गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे विचारा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली ती बियांसाठीच, त्यांनी काय वेगळं केलं, आजूबाजूच्या घरांत राखेत घोळून, मडक्यात ठेवलेलं बी गोळा केलं, वाढवलं आणि वाटलं. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर पण सुधारित जातींचं सरळ (म्हणजे हायब्रीड नसलेलं) बी मिळतं, तुम्हाला राहुरी जवळ.

प्रश्न : मी तिसरीत आहे. आमच्या काकडीला छोट्या काकड्या आल्यात. मी त्या मोजल्या तर आजी ओरडली, बोट दाखवलं की काकडी कुजते म्हणाली. खरं का? दोन कुजल्या पण. (सातारा)

उत्तर : बोटानं काकडी कुजत नाही रे राजा. कुजलेल्या दोन फोडून बघ, आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर माशीनं टोचलं, नसतील आणि नुसत्या पिवळ्या होऊन सुकल्या असतील तर त्यांच्या फुलावर मधमाशी बसलीच नाही. फोडलेल्या काकड्या मातीत टाकू नकोस, पिशवीत बांधून कचऱ्यात. उरलेल्यांना आईकडून कागदाच्या पिशव्या बांधून घे. मोजताना बोट थोडं वाकवून मोज, आम्ही पण लहानपणी तसंच मोजायचो, म्हणजे काकड्या पण राहतात आणि आजी पण ओरडत नाही.